अर्ध्या आमेरची राणी

जयपूर शहराच्या माथ्यावर, अरवलीच्या एका धारेवर, नाहरगडाची तटबंदी पसरलेली आहे. सवाई जयसिंगाने १७२७ साली खाली सपाटीवर नवे शहर वसवले आणि १७३४ साली त्याच्या रक्षणासाठी वर हा गड बांधला. आज गडावर जाणाऱ्या प्रवाशाला वाटाड्या मोठ्या कौतुकाने दाखवतो ते माधवेंद्र भवन. दुसऱ्या सवाई माधोसिंगाने आपल्या राजपरिवारातील नऊ स्त्रियांसाठी तेथे नऊ सारखे महाल उठवले. एकीचा दुसरीस मत्सर वाटू नये म्हणून कोणाच्याही वाट्यास एक कोनाडा अधिक येऊ दिला नाही. प्रवासी हसतो, राजेरजवाड्यांच्या चैनीविषयी काही बोलतो आणि परततो. परंतु ही इमारत उठण्यापूर्वी या गडाचा उपयोग निराळाच होता. राज्याचे गुन्हेगार आणि मर्जीतून उतरलेले कारभारी यांना कोंडून ठेवण्याची ती जागा होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या तुरुंगात एका स्त्रीला आणून टाकण्यात आले. तिचे नाव रसकपूर. त्याच्या थोडेच आधी ती जयपूरच्या महाराजांच्या शेजारी हत्तीवर बसून शहरातून मिरवत होती आणि अर्ध्या आमेरची राणी म्हणून तिचा अधिकार जाहीर झालेला होता.

राजवाड्यातील प्रेमकथांचे आपल्याला मोठे आकर्षण. अनारकलीवर नाटके झाली, बोलपट निघाले. जिच्या अस्तित्वाविषयीच इतिहासकारांत एकमत नाही, त्या स्त्रीसाठी लक्षावधी लोकांनी काळोखात बसून डोळे पुसले. रसकपूर ही मात्र कल्पनेतील नायिका नव्हे. तिची हकीकत कर्नल जेम्स टॉडच्या राजस्थानविषयक ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, आमेरच्या इतिहासात आलेली आहे. हा खंड १८३२ साली प्रसिद्ध झाला. टॉडने तिला मोजून एका पानाची जागा दिली आहे, आणि तीही नाक मुरडीत. या राजाचे चरित्र लिहून आपला ग्रंथ विटाळावा अशी आपली इच्छा नाही, असे तो आधीच सांगून टाकतो. पुढे जयपूरच्या या काळाविषयी जे बोलले गेले, त्यावर या पानाची छाया कायमची पडली. एका विलासी राजाने एका कलावंतिणीच्या नादी लागून राज्य धुळीस मिळवले, हे त्या पानाचे तात्पर्य. ते कितपत खरे मानावे, हा येथे विचाराचा विषय आहे.

ज्या राजाची ही कथा, तो सवाई जगतसिंग १८०३ साली गादीवर आला तेव्हा त्याने विशीही ओलांडलेली नव्हती. त्याचा पिता सवाई प्रतापसिंग हा ‘ब्रजनिधी’ या नावाने पदे रचणारा, गाण्याबजावण्याचा रसिक आणि १७९९ साली हवामहाल उभारणारा राजा. परंतु याच प्रतापसिंगाला महादजी शिंद्यांशी १७८७ साली तुंग्याच्या रणात, १७९० साली पाटणच्या रणात आणि महादजींच्या मागे दौलतरावांच्या फौजेशी १८०० साली मालपुऱ्याच्या रणात झुंजावे लागले. पुत्राच्या हाती आले ते सुंदर शहर, उत्तम ग्रंथालय, गुणिजनखाना या नावाने चालणारे गवई-नर्तकींचे खाते, आणि मराठ्यांच्या मामलतीची थकबाकी. गादीवर येताच त्याच वर्षी, १२ डिसेंबर १८०३ रोजी, जगतसिंगाच्या दरबाराने इंग्रजांशी तह केला. दोन-तीन वर्षांतच इंग्रजांनी तो तह मोडीत काढला आणि जयपूरला शिंदे, होळकर आणि पेंढारी यांच्या हवाली करून ते बाजूला झाले. तरुण राजा, रिकामी होत चाललेली तिजोरी, दाराशी तीन सावकार आणि पाठीशी कोणी नाही, अशी त्या राज्याची अवस्था होती.

या अवस्थेत जगतसिंगाने केलेला पहिला मोठा उद्योग म्हणजे कृष्णाकुमारीसाठी मांडलेले युद्ध. उदयपूरच्या महाराणा भीमसिंगाची ही कन्या. तिची सोयरीक आधी जोधपूरच्या भीमसिंगाशी ठरलेली होती, परंतु तो १८०३ साली वारला. पुढे जयपूरकडून मागणी आली आणि उदयपूरने होकार दिला. तेव्हा जोधपूरच्या गादीवर आलेला मानसिंग म्हणू लागला की, सोयरीक पुरुषाशी नसते, गादीशी असते. सबब वधू आमची. दौलतराव शिंद्यांची मागितलेली रक्कम जयपूरने दिली नव्हती, म्हणून शिंदे जयपूरच्या विरुद्ध उभे राहिले आणि जयपूरचे मागणीकरी उदयपुरातून परत पाठवावे लागले. होळकरांच्या पक्षातला अमीरखान पठाण पैसे घेऊन जयपूरच्या बाजूस आला. मार्च १८०७ मध्ये परबतसरजवळ गिंगोलीच्या मैदानावर मानसिंगाचे सरदारच त्याला सोडून गेले आणि जगतसिंगाला फारसे न लढता विजय मिळाला. जोधपूरला काही महिने वेढा पडला. मग अमीरखानाने पक्ष बदलला. तो जयपूरचा मुलूख लुटू लागला तेव्हा जगतसिंगाला वेढा उठवून घाईघाईने घरचा रस्ता धरावा लागला.

या उद्योगात जयपूरचे एक कोटीच्या आसपास रुपये गेले, असा टॉडच्या आकड्यांचा हिशेब निघतो. वधू कोणालाच मिळाली नाही. हाच अमीरखान १८१० साली उदयपूरला गेला आणि मुलीने एक तर मानसिंगाला वरावे, नाही तर मरावे, असे त्याने सांगितले. २१ जुलै १८१० रोजी सोळा वर्षांच्या कृष्णाकुमारीला विषाचा प्याला देण्यात आला. ज्या दोन राजांनी तिच्यासाठी हजारो माणसे मारवली, त्यांनी १८१३ साली एकमेकांच्या घरी सोयरिकी करून भांडण मिटवले. जगतसिंगाने मानसिंगाची कन्या वरली, मानसिंगाने जगतसिंगाची बहीण. अमीरखान पुढे १८१७ साली टोंकचा नवाब झाला. त्याचे वंशज १९४८ पर्यंत राज्य करीत होते.

ही सर्व हकीकत येथे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. जयपूरची तिजोरी रिती झाली ती या युद्धात, आणि हे युद्ध झाले ते प्रेमासाठी नव्हे. जगतसिंगाने कृष्णाकुमारीला कधी डोळ्यांनी पाहिले असेल असे मानायला आधार नाही. ते झाले मानासाठी, आणि त्या मानाविषयी राजाच्या आणि सरदारांच्या कल्पनेत काडीचाही फरक नव्हता. कोटभर रुपयांची राख झाली म्हणून जगतसिंगाला पदच्युत करावे, असे कोणा ठाकुराच्या मनात आले नाही. ते आले रसकपूरमुळे.

रसकपूर हे नाव टॉडने कापराचा अर्क अशा अर्थाने घेतले आहे आणि त्यावर थोडा विनोदही केला आहे. मराठी श्रोत्यांच्या घरी ज्यांनी जुन्या वैद्यांचे बटवे पाहिले असतील, त्यांना या शब्दाचा दुसरा अर्थ माहीत आहे. रसकापूर म्हणजे पाऱ्यापासून केलेले एक पांढरेशुभ्र, कापरासारखे दिसणारे औषध. मात्रा चुकली तर ते विष होते. ज्याने कोणी त्या मुलीचे नाव ठेवले, त्याच्या मनात यापैकी काय होते हे कोण सांगणार? परंतु तिच्या नशिबाशी दुसरा अर्थ अधिक जुळतो, एवढे खरे. ती मुसलमान होती, कलावंतीण होती आणि राजाची तिच्यावर विलक्षण आसक्ती जडली होती. आपल्या राठोड आणि भाटी कुळांतल्या राण्यांकडे राजा ढुंकूनही पाहीनासा झाला, असे दरबारच्या अखबारांतून, म्हणजे बातमीपत्रांतून, दूरदूर पसरत होते.

आता एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राजाने कलावंतीण ठेवणे हे रजपूत दरबारांत निषिद्ध नव्हते. किंबहुना त्याची रीतसर व्यवस्था लावलेली होती. अन्य जातीच्या स्त्रीला जनानखान्यात घेण्यात येई तेव्हा तिला पडदायत म्हणत. तिची पायरी वाढली म्हणजे ती पासवान होई. तिला दागिने, दासी, नेमणूक मिळे. तिच्या मुलांना जयपुरात लालजी म्हणत आणि त्यांचेही दरबारात ठरलेले स्थान असे. राजाच्या सुखासाठी समाजाने इतकी सोय करून ठेवलेली होती. अट एकच होती. अशा स्त्रीने पडद्याआडच्या त्या पायरीवरच राहावे, राणीच्या पायरीवर येऊ नये. जगतसिंगाचा गुन्हा प्रेम केल्याचा नाही. प्रेमाची जी जागा ठरलेली होती तेथून ते उचलून त्याने दरबारात आणले, हा त्याचा गुन्हा.

आणि त्याने ते आणले ते मोठ्या थाटाने. रसकपूरला त्याने विधिपूर्वक अर्ध्या राज्याची राणी म्हणून घोषित केले. तिला आपल्या बरोबर एकाच हत्तीवर बसवले. जयपूरचे रस्ते रुंद आणि सरळ. जौहरी बाजारातून हत्ती निघाला की दोन्ही बाजूंच्या झरोख्यांतून आणि पेढ्यांवरून सारे शहर पाही. पडद्याचा जेथे इतका कडक दंडक, की राण्यांना मिरवणूक पाहता यावी म्हणून हवामहालासारखी जाळ्यांची भिंत उभारावी लागली, तेथे एक स्त्री उघड्यावर राजाच्या बरोबरीने बसून जाते, हे दृश्य त्या काळच्या डोळ्यांना काय दिसले असेल याची कल्पना करता येते. जाळीच्या मागून पाहणाऱ्या राण्यांना ते काय दिसले असेल, याचा विचार टॉडने केलेला नाही.

राजा एवढ्यावर थांबला नाही. कुलवंत राण्यांना जो मानमुजरा होतो तो सरदारांनी तिलाही केला पाहिजे, असा त्याचा आग्रह पडला. येथे खरी कसोटी आली. दिवाण मिश्र शिवनारायण हा ब्राह्मण. त्याने एक तोड काढली. तो रसकपूरला बेटी म्हणू लागला. ही तोड मोठी मार्मिक आहे. राणी म्हणावे तर धर्म आणि सरदार आड येतात, न म्हणावे तर दिवाणगिरी जाते. बेटी म्हटल्याने कोणाचेच काही अडत नाही. सरकारी चाकरीत आयुष्य घालवलेल्या कोणालाही या शब्दाची योजना पाहून दाद द्यावीशी वाटेल. दुणीचा ठाकूर चांदसिंग याला अशी तोड साधत नव्हती किंवा साधायची नव्हती. जेथे ती स्त्री उपस्थित असेल अशा कोणत्याही समारंभास आपण येणार नाही, असे त्याने साफ कळवले. राजाने त्याला दोन लाख रुपये दंड केला. दुणीच्या जहागिरीचे हे जवळजवळ चार वर्षांचे उत्पन्न होते.

दुणी हे नाव महाराष्ट्राला अगदीच अनोळखी असू नये. हल्लीच्या टोंक जिल्ह्यातल्या या लहानशा गढीला १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा वेढा पडला होता. त्या छावणीत ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. त्याने तेथून लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. शिंद्यांच्या तोफा, रखडलेला शिपायांचा पगार आणि त्यावरून सरदारांच्या दाराशी बसलेली धरणी यांचे त्यांत मोठे सजीव वर्णन आहे. मराठ्यांच्या तोफांपुढे जी गढी सहजासहजी वाकली नाही, तिचा ठाकूर एका कलावंतिणीपुढे मान लववील ही अपेक्षाच चुकीची होती. चांदसिंगाच्या करारीपणाचे कौतुक करण्यास हरकत नाही. परंतु कृष्णाकुमारीच्या युद्धात ज्याला अपमान दिसला नाही आणि हत्तीच्या अंबारीत दिसला, तो करारीपणा कसल्या बाबतीत जागा होतो हेही पाहावयास हवे.

टॉडचे आणखी दोन आरोप आहेत. राजाने रसकपूरच्या नावाने नाणे पाडले, आणि सवाई जयसिंगाच्या अनमोल ग्रंथालयाचा अर्धा वाटा तिला देऊन टाकला. तो तिच्या क्षुद्र नातेवाइकांनी वाटून नेला. पहिल्या आरोपाचे गांभीर्य समजण्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, जयपूरच्या टांकसाळीतून निघणाऱ्या झाडशाही रुपयावर त्या काळी खुद्द जयपूरच्या महाराजाचेही नाव नसे. सहा फांद्यांच्या झाडाचे चिन्ह जयपूरचे, पण नाव दिल्लीच्या बादशहाचे. बादशहा इंग्रजांचा पेन्शनर झाला तरी हा रिवाज १८५७ च्या उठावापर्यंत चालू राहिला. ज्या नाण्यावर स्वतःचे नाव घालण्याचे धैर्य राजाला झाले नाही, त्यावर त्याने प्रेयसीचे नाव घातले असेल, तर ते वेडेपण म्हणावे की त्याच्या सबंध कारकीर्दीतील एकमेव साहस म्हणावे, याचा निर्णय ज्याने त्याने करावा.

ग्रंथालयाची गोष्ट निराळी. जयसिंगाचे हे ग्रंथालय म्हणजे साधी पोथ्यांची खोली नव्हती. जगन्नाथ सम्राट याने अरबीवरून संस्कृतात आणलेली युक्लिडची भूमिती, म्हणजे ‘रेखागणित’, याच राजाच्या आश्रयाने झाली. वेधशाळांसाठी देशोदेशींचे ज्योतिषग्रंथ त्याने जमवले. ते एखाद्या नाचणारणीच्या भावाने रद्दीच्या भावात विकले, या चित्राने कोणाही ग्रंथप्रेमी माणसाच्या काळजाला घरे पडतील, आणि टॉडच्याही पडली असावीत. पण जयपूरचा पोथीखाना आजही आहे. त्यातल्या हजारो हस्तलिखितांच्या सूच्या गेल्या पन्नास वर्षांत प्रसिद्ध झाल्या, आणि जयसिंगाच्या संग्रहातील ज्योतिषाचे ग्रंथ त्यांत मोठ्या संख्येने सापडतात. काही पोथ्या गेल्या नसतील असे नाही. परंतु अर्धे ग्रंथालय उधळले, हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. टॉडचे ठाणे उदयपूरला होते, त्याचे मन मेवाडात रमलेले होते. कृष्णाकुमारीच्या मृत्यूची हकीकत त्याने ज्या वेदनेने लिहिली आहे, त्या वेदनेत जगतसिंगाविषयीचा त्याचा संताप आहे. जयपूरकडे तो उदयपूरच्या सज्जातून पाहत होता हे विसरून त्याचे पान वाचू नये.

जगतसिंगाच्या दरबाराची दुसरीही बाजू होती आणि ती टॉडच्या पानात येत नाही. हिंदी रीतिकाव्यातला मोठा कवी पद्माकर याच राजाच्या आश्रयास होता. शृंगारादी रस आणि नायिकांचे भेद सांगणारा ‘जगद्विनोद’ हा त्याचा ग्रंथ जगतसिंगाच्याच नावाचा. या पद्माकराला सागरच्या मराठी राज्यकर्त्यांनीही गौरवले होते, आणि पुढे तो ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांकडेही गेला. स्वकीया, परकीया, सामान्या असे नायिकांचे वर्ग लावून त्यांच्या मनाचे बारीक बारीक भाव रसिकांपुढे मांडणारे काव्य ज्या दरबारात वाचले जात होते, त्याच दरबारात एक खरीखुरी नायिका हत्तीवर बसली तेव्हा तिला सामान्येची पायरी दाखवण्यात आली. काव्यात जिचे कौतुक, तिला बैठकीत जागा नाही.

शेवटी सरदारांनी राजाला गादीवरून काढण्याचा विचार पक्का करत आणला. बेत फुटला. तेव्हा राजाच्या कोणा हितचिंतकाने त्याची अब्रू राखून सुटण्याचा एक मार्ग शोधला. रसकपूरच्या वर्तनाविषयी एक कंडी पिकवण्यात आली. राजाने ती खरी मानल्याचे सोंग केले. तिची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम सुटला आणि तिची रवानगी नाहरगडावर झाली. जगतसिंगाला टॉडने भित्रा म्हटले आहे ते रणांगणावरून. त्याच्या भित्रेपणाचा खरा पुरावा येथे आहे. सरदारांच्या भीतीने तिला दूर करणे एक वेळ समजण्यासारखे होते. मनुष्य दुर्बळ असतो. परंतु जिला अर्धे राज्य दिले, तिच्या चारित्र्यावर खोटा डाग लावू देऊन आपण फसवले गेल्याचा आव आणणे, ही निराळी गोष्ट झाली. जिला राणी म्हणून मुजरा केला नाही म्हणून चांदसिंगाला चार वर्षांच्या उत्पन्नाचा दंड झाला, तिच्या शिक्षेपूर्वी चौकशी झाली असे टॉडही म्हणत नाही. त्यानंतर ती दृष्टीआड झाली, एवढे लिहून तो पुढच्या विषयाकडे वळतो.

मराठी श्रोत्यांच्या मनात एव्हाना मस्तानीचे नाव आले असेल. साम्य उघड आहे. तेथेही मुसलमान मानली गेलेली स्त्री, तेथेही पराक्रमी घराणे, ब्राह्मणांचा आणि आप्तांचा विरोध, आणि अखेर कैद. १७४० च्या आरंभी पुण्यात मुंज-लग्नाचे समारंभ निघाले तेव्हा बाजीराव आणि मस्तानी यांच्यामुळे धार्मिक कृत्यांत अडचण उत्पन्न झाली. पेशवे पुण्याबाहेर असताना घरच्या माणसांनीच तिला अडकवून ठेवले. त्याच वर्षी २८ एप्रिलला नर्मदेच्या काठी रावेरखेडीस बाजीराव वारले आणि मस्तानीही त्यांच्या मागोमाग गेली. परंतु साम्य येथेच संपते. मस्तानीला पाबळसारखी गावे इनाम होती, पाबळला तिची कबर आहे. तिचा मुलगा समशेरबहाद्दर पेशव्यांच्या फौजेत वाढला आणि पानिपतावरील जखमांनी मेला. त्याचे वंशज बांद्याचे नवाब झाले. मुख्य म्हणजे बाजीरावाने तिला स्वतःच्या हाताने तुरुंगात पाठवले नाही. रसकपूरला ना मुलगा, ना कबर, ना एखादे गाव. तिच्यापाशी होते ते एका राजाचे वचन.

प्रेमकथांच्या आड राज्याचे जमाखर्च झाकले जातात, याचे दुसरे उदाहरण जयपूर शहरातच उभे आहे. त्रिपोलियाजवळ ईसरलाट नावाचा सात मजली मनोरा आहे. तो सवाई ईश्वरीसिंगाने १७४९ साली राजमहालच्या लढाईतील विजयाचे स्मारक म्हणून बांधला. लोक मात्र सांगतात की, सेनापती हरगोविंद नाटाणी याच्या मुलीवर राजाचे मन बसले होते आणि तिला आपल्या वाड्याच्या गच्चीवर पाहता यावे म्हणून हा मनोरा उभारला. ईश्वरीसिंगाने १७५० च्या डिसेंबरात आत्महत्या केली. तीही या प्रेमप्रकरणाशी जोडून सांगतात: अपमानित बापाने सूड घेतला, फौज तयार आहे असे सांगत राजाला झुलवत ठेवले आणि ऐन वेळी हात वर केले. कथा रंगतदार आहे. परंतु त्या डिसेंबरात शहराच्या रोखाने येत होते ते मल्हारराव होळकर, आणि ते येत होते कबूल केलेल्या पैशाच्या वसुलीसाठी. पैसा नव्हता. राजाने नाग डसवून घेतला आणि विष प्राशन केले. त्याच्याबरोबर जनान्यातील स्त्रियाही गेल्या. त्यानंतर महिनाभरातच, १० जानेवारी १७५१ रोजी, जयपूरच्या लोकांनी शहरात आलेल्या मराठ्यांची जी कत्तल केली, ती नाटाण्याच्या मुलीसाठी खास नव्हती. मराठी माणसाला ही हकीकत सुखाने ऐकवत नाही. ईसरलाटीची प्रेमकथा ऐकणे त्यापेक्षा सोपे आहे, जयपूरकरांना आणि आपल्यालाही.

जगतसिंगाच्या कारकीर्दीचेही तसेच आहे. शिंद्यांची मामलत, होळकरांची मागणी, अमीरखानाची लूट आणि कृष्णाकुमारीचे युद्ध ही कलमे मांडली की तिजोरीचा ठाव लागतो. त्यांत रसकपूरच्या दागिन्यांचे कलम घालावे लागेल, पण ते बेरजेत किती दिसेल? तिच्यामुळे राज्य बुडाले, हे म्हणणे सर्वांच्याच सोयीचे होते. सरदारांच्या, दिवाणाच्या, मराठ्यांच्या आणि ‘आम्ही आलो म्हणून ही अंदाधुंदी थांबली’ असे म्हणू पाहणाऱ्या इंग्रजांच्याही. २ एप्रिल १८१८ रोजी जयपूरने कंपनी सरकारशी नवा तह केला. पहिले वर्ष माफ, मग चार लाखांपासून चढत जाऊन सहाव्या वर्षापासून सालीना आठ लाख रुपये खंडणी ठरली. मागणारा बदलला, मागणे राहिले.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला जगतसिंग वारला. त्याला मूल नव्हते. नरवरच्या एका मुलाला घाईघाईने गादीवर बसवण्यात आले. तीन महिन्यांनी बातमी फुटली की भटियाणी राणी गरोदर आहे. ते खरे की खोटे याचा निवाडा करण्यासाठी दिवंगत राजाच्या सोळा राण्या आणि सरदारांच्या बायका जनानी ड्योढीत एकत्र जमल्या. ज्या राण्यांकडे नवऱ्याने वर्षानुवर्षे पाहिले नाही, त्यांच्याच साक्षीवर जयपूरचे भवितव्य ठरावयाचे होते. त्यांनी एकमताने खरे म्हणून सांगितले. २५ एप्रिल १८१९ रोजी मुलगा झाला. तो तिसरा सवाई जयसिंग. त्याच्या जन्माच्या आनंदात तोफा सुटल्या असतील तर त्यांचा आवाज नाहरगडावर पोहोचल्यावाचून राहिला नसेल. तो गड शहरापासून काही फार दूर नाही.

जयपुरात अजून एक कथा सांगतात. राजाची चिता गैटोरला पेटली तेव्हा गडावरून एक स्त्री कशीबशी निसटून खाली आली आणि तिने त्या ज्वाळांत उडी घेतली, अशी ती कथा आहे. या कथेला इतिहासाचा आधार देता येत नाही. लोकांनी ती रचली असावी, कारण टॉडचे पान जेथे थांबते तेथे थांबणे त्यांना बरे वाटले नसावे. पण त्या कथेतही, ज्याने तिला गडावर धाडले त्याच्याच चितेवर ती परत जाते, हे पाहिले म्हणजे कथा रचणाऱ्यांनी रसकपूरसाठी काय मागितले आणि राजाला काय माफ केले, हे दिसते.